उतारावरच्या हिरव्या फांद्या

बसा, पोरांनो. कॉफी गरम आहे, आणि ठिगळ वाळेपर्यंत तुमचा टायर मी सोडणार नाही. मिलाग्रेसचा उतार तुम्हाला आज रात्रीच उतरायचा आहे म्हणता, तर आधी सेआराच्या जेनिवाल्दोचं ऐकून घ्या. हस तू, काउआन. त्याचे टायर मी कित्येक वर्षं बदलले. थापा मारणारा माणूस नाही तो.

२०२२ साल. बारा ऑक्टोबर, बुधवारची रात्र. अपारेसिदा मातेचा सण नुकताच सरलेला. जेनिवाल्दो आणि त्याचा धाकटा भाऊ एदिमार आपापल्या ट्रकमध्ये खरबुजं भरून एकशे सोळा नंबरच्या हायवेनं साओ पावलोला निघाले होते. शुक्रवारच्या बाजाराला माल पोचवायचा होता. जेनिवाल्दो पुढे. एदिमार जेवायला थांबला, म्हणून मागे पडला.

"जेनी, हळू चालव," एदिमार गाडीतच ताट घेऊन ट्रकच्या रेडिओवर चिडवत होता. "खरबुजांना चक्कर येईल."

"तू आधी ताटातलं बोकड संपव. आई म्हणते, तुझ्या पोटाला वेगळा ट्रक लागेल."

उतार सुरू झाला आणि दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर फांदी दिसली. पुढे दुसरी. मग तिसरी.

तुम्हाला सांगायला नको. ट्रक बंद पडला की मागे लांबपर्यंत फांद्या टाकायच्या. निघताना ज्याच्या त्यानं उचलायच्या. जेनिवाल्दोनं गाडी हळू केली, वळण घेतलं. पुढे ट्रक नव्हता. कुणीतरी आळशी फांद्या तशाच टाकून गेलेला. उगाच कुणी ब्रेक मारून उलटेल, म्हणून हा भला माणूस उतरला आणि सगळ्या फांद्या उचलून दरीत फेकून आला.

पानं हिरवी, ओली होती. ऑक्टोबरात, त्या रानात, जिथं काट्यांशिवाय काही उरलेलं नसतं. हे त्याच्या नंतर ध्यानात आलं.

ट्रकमध्ये बसून त्यानं चावी फिरवली. काही नाही. दिवे गेले. रेडिओ गेला. फोनला तर त्या उतारावर रेंजच नसते. वळणाच्या अगदी पलीकडे, भर रस्त्यात ट्रक मेला.

आणि मागून एदिमार येत होता. भरलेला ट्रक, उतार, पोट भरलेला माणूस.

जेनिवाल्दोनं मागे इशाऱ्याचा लाल त्रिकोण ठेवला. पण वळणावर तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तो फांद्या शोधायला धावला. एकही झाड हिरवं नाही. वाळक्या काटक्या हातात मोडत होत्या. दरीत उतरून पाहिलं. फेकलेल्या फांद्याही नव्हत्या.

वर इंजिनाचा आवाज आला.

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. शर्ट काढून हलवू लागला...

ट्रक हळू येत होता. अगदी हळू. त्याच्यापाशी येऊन थांबला.

"उघडा काय नाचतोस?" एदिमार खाली उतरत म्हणाला.

जेनिवाल्दो रडायलाच लागला. "तू हळू कसा आलास?"

"त्या म्हाताऱ्यामुळे. वर उभा होता, काखेत फांद्यांचा भारा. म्हणाला, वळणावर ट्रक बंद पडलाय, हळू घे. आणि मलाही पुढे ने."

"...कुठला म्हातारा?"

"वाटभर एकच विचारत होता. माझ्या फांद्या कुणी उचलल्या?"

जेनिवाल्दोनं दरीकडे पाहिलं.

"मी म्हटलं, आमच्या जेनीनं उचलल्या असतील. रस्त्यावरचा खिळासुद्धा तो सोडत नाही. मग त्यानं तुझं नाव विचारलं."

"सांगितलंस?"

"पूर्ण सांगितलं. आईचंही विचारलं, तेही सांगितलं. का रे?"

"कुठाय तो?"

"बसलाय की आत."

दोघांनी वर पाहिलं. दार बंद. काच बंद. बाजूच्या सीटवर कुणी नव्हतं.

पट्टा लावलेला होता. पुढे ताणलेला... पट्टा आणि सीटच्या पाठीमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

उजाडता उजाडता एदिमार तो बंद ट्रक ओढत माझ्याकडे आला. जेनिवाल्दो भावाच्या ट्रकमध्ये बसला नव्हता. थंडीत कुडकुडत आपल्याच बंद ट्रकचं स्टीअरिंग धरून आला होता. पट्ट्याचं बटण मीही दाबलं. उघडेना. शेवटी टायरचा चाकू घेतला आणि कापला.

टोकं पडली नाहीत.

आम्ही तिघं बघत राहिलो... मग हळूहळू पडली. कुणी उठावं तशी.

"गेला," एदिमार पुटपुटला.

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या जेनिवाल्दोच्या ट्रकमधून आवाज आला. खट्.

जेनिवाल्दो तिथूनच बसनं घरी गेला. आजवर परत आला नाही. ट्रक माझ्या मागच्या आवारात आहे. जा, बघून या हवं तर. दारांना मी कुलूप लावून ठेवलंय, आत कुणी जात नाही.

बाजूच्या सीटचा पट्टा अजून लावलेला आहे.