सहा दहाला कोण विचारतं?

खोटं वाटलं तर वाटू दे, माझं काय जातंय! आदिती माझ्या शेजारची. तिच्या तोंडून ऐकलं, तसंच सांगतोय.

गेल्या श्रावणातला शुक्रवार. कोल्हापूर, शिवाजी पेठ. संध्याकाळचे सहा. चांगलं लख्ख ऊन होतं.

आदितीचा थोरला भाऊ अनेकांत, तिचा अण्णा, पुण्यात प्रोग्रामर होता. आषाढात अपघातात गेला. तेव्हापासून घर नुसतं बधिर. कुणी रडायचंसुद्धा नाही. आई, राजमती, संध्याकाळी जेवेनाशीच झाली. शुगरच्या गोळ्या चालू आणि पोटात अन्न नाही. असंच चाललं तर हातची जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

अण्णानं आईसाठी घरच्या कॉम्प्युटरवर जावास्क्रिप्टचा एक छोटा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, लिहिला होता. आईनं 'जेवले' बटण दाबलं की त्यातला नोंद घेणारा भाग, सेटर, आधी वेळ बघायचा. जैनाचं घर. दिवस मावळल्यावरची नोंद तो घ्यायचाच नाही. आई जेवली का, असं कुणी विचारलं की उत्तर देणारा भाग, गेटर, होय-नाही सांगायचा, आणि विचारल्याची वेळ नि उत्तर एका ओळीत लिहून ठेवायचा. अण्णा पुण्याहून रोज सहा दहाला विचारायचा.

त्या दिवशी आदितीनं ते सगळं बंद करायला उघडलं.

विचारल्याच्या वेळा थांबल्याच नव्हत्या...

रोज. सहा दहा.

अण्णाचा फोन, लॅपटॉप कपाटात बंद. आदितीनं सगळा कोड पालथा घातला. आपोआप विचारणारं त्यात काहीच नव्हतं. तिनं इंटरनेटची वायर काढली आणि बघत बसली. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

सहा दहा...

ओळ आली. उत्तर, नाही.

सहा अकरा. नाही.

मग ओळी थांबेचनात.

आदितीनं खोटंच 'जेवले' दाबलं. सेटरमध्ये तपासणी फक्त वेळेची. बाहेर ऊन होतं. तरी नोंद घेतली नाही...

ती उठून आईकडे गेली.

"आई, अण्णा विचारतोय. जेवलीस का म्हणून."

आई उठली, ताट वाढून घेतलं, भाकरी मोडली.

आदिती परत आली. ओळी थांबल्या होत्या. शेवटचं उत्तर, होय.

बटण कुणीच दाबलं नव्हतं.

आता आई रोज जेवते. सहा दहाला एकच ओळ येते. बंद करायचं नाव आदिती काढत नाही.

परवा आईनं विचारलं, "त्यो जेवला का न्हाय, हे कुठं विचारायचं गं?"

एक गेटर लिहायचा, चार ओळींचं काम. आदितीला चांगलं जमतं की. रोज फाईल उघडून बसते... आणि बंद करते.

'नाही' आलं, तर आईला काय सांगायचं?