पदराच्या गाठीतला मरवा

"कपाळ पुसलेल्या बाईच्या पदराला मरव्याचा वास कशापायी येतो गं, रंगे?"

फुलाबाईंनी सुनेचा पदर नाकाशी धरला होता आणि रंगूबाई तो सोडवू पाहत होती! नवरा गेल्यापासून ती फुलाला म्हणून शिवली नव्हती. जळोचीत विधवेनं सुवास जवळ बाळगायचा म्हणजे गावाच्या हाती आयतं कोलीत!

खरं तर तो मरवा होता धाकट्या दिरासाठी, सोनबासाठी. सोनबा ट्रॅक्टरवर कामाला. तिथं सुटे भाग पुसायचं पेट्रोलचं फडकं हुंगता हुंगता त्याला अशी चटक लागली, की डोळे तारवटायचे, जीभ जड व्हायची, पोरगं जागच्या जागी भेलकांडायचं. रंगूबाईनं गोठ्यामागं त्याला पकडलं तेव्हा त्यानं तिचे पायच धरले.

"वयनी, दादाची शपथ हाय, आयेला सांगू नका! इंदापूरची सोयरीक मोडंल माझी!"

मेलेल्या नवऱ्याची शपथ... बिचारी बांधली गेली!

बारामतीच्या वैद्यबुवांना तिनं नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, "सुवासानं कधीकधी जिवाची तगमग शमते. ओढ उठली की मरवा हुंगायला द्या. गुण येईलच, असं मात्र मी सांगत नाही." तेव्हापासून वांग्याच्या वाफ्याकडेचा मरवा ती पदराच्या गाठीत बांधायची आणि सोनबाचे हात थरथरू लागले की गाठ सोडायची. कधी तो निवायचा, कधी मरवा भिरकावून पळायचा. कशानं गुण येतो नि कशानं जातो, काही म्हणता काही कळत नव्हतं.

आणि याहून अवघड गोष्ट... तिला स्वतःलाच तो वास आवडू लागला होता! सोनबा घरात नसतानाही ती गाठ नाकाशी न्यायची. मग फुलाबाई खोटं कुठं बोलत होत्या? हे पाप होतं की पुण्य? त्या अभागी जिवाला काही उमजेना...

"बोल की! कुणासाठी ह्यो नखरा?"

"तसलं काय न्हाय, आत्याबाई..."

"मग कसलं हाय?"

रंगूबाईनं पदराची गाठ मुठीत आवळली.

"बांध बोचकं! कळस गावी तुझ्या भावाकडं जा."

गडी म्हस्कूनं मुकाट्यानं बैल जुंपले. रंगूबाई गाडीत बसते न बसते तोच सोनबा कामावरून आला. वहिनीच्या मांडीवरचं बोचकं बघून त्यानं बैल अडवले आणि काय झालं ते आईला विचारलं. सारं कळताच त्यानं आपला सदरा आईच्या नाकाशी धरला.

"आये, ह्यो वास घे! मरवा माझ्यापायी व्हता. मी पेट्रोल हुंगतो गं... आज बी हुंगलं! वयनीनं माझी अब्रू झाकली, आन् तू तिचीच काढलीस!"

फुलाबाईंनी सदऱ्याची बाही मुठीत धरली. लेकाच्या सदऱ्याचा तो भपकारा त्यांना आजवर कष्टाचा वाटत आला होता. कौतुकानं सांगायच्या चारचौघींत! डोळे पुसत त्या गाडीपाशी आल्या.

"उतर, रंगू. चुकलं माझं."

रंगूबाई उतरेना. अश्रूंच्या धारा लागल्या होत्या.

"आत्याबाई, तुमी अगदीच चुकला न्हाय. मरवा बांधायची ती भावजींसाठीच, पर... मला बी तो वास आवडायचा. मी बी हुंगायची."

फुलाबाईंचं कुंकूही सोनबा पाळण्यात असतानाच पुसलं गेलं होतं.

"मग? मला काय नाक न्हाय व्हय गं, पोरी?" त्या म्हणाल्या. "चल घरात. ह्या पोराचं काय करायचं, ते दोघी मिळून बघू."

आणि त्यांनी सुनेचं बोचकं आपल्या कडेवर घेतलं.