भरल्या पोटाचे रातकिडे

"तुमचे रातकिडे उपाशी आहेत!"

पाखरांच्या बाजारात, रातकिड्यांच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून उभा असलेला तो तरुण माझ्याकडे बघून हसला. चक्क हसला! माझं डोकं आधीच तापलेलं, त्यात हे.

"म्बाक, रातकिड्यांच्या जेवणाची चौकशी करणारं पहिलंच गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. "थांबा हं, विचारतो त्यांना."

"विचारायची गरज नाही, मास. परवा तुमच्याकडून नेलेल्या पिशवीत मी काकडीची एक चकती टाकली. पाच मिनिटांत सालसुद्धा उरली नाही. आणि त्याआधी ते काय करत होते माहितीये? एकमेकांचे पाय खात होते!"

जावा बेटावरच्या आमच्या क्लातेनमध्ये अनोळखी मुलीला म्बाक आणि अनोळखी तरुणाला मास म्हणायची रीत आहे. कितीही कडाडून भांडलं तरी ती सुटत नाही. मी मात्र ते 'मास' असं काही उच्चारलं की शेजारचा पिंजरेवाला दोन पावलं मागे सरकला.

तुम्हीच सांगा, चिडू नको तर काय करू? मी औषधांच्या दुकानात काम करते. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन करायची मला सवय. माझी क्लेपॉन, म्हणजे माझी पिवळी, काळ्या ठिपक्यांची पाळीव पाल, दोन महिन्यांपूर्वी एकसष्ट ग्रॅम होती. आता अठ्ठेचाळीस! तिची सगळी ताकद शेपटीत साठलेली असते. ती गुबगुबीत शेपटी आता वातीसारखी झाली होती. योग्या शहरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिला उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "पालीत दोष नाही, तिच्या जेवणात आहे. किड्याच्याच पोटात काही नसेल, तर तिच्या पोटात काय जाणार? महिनाभरात शेपटी भरायला लागली नाही तर..." पुढचं ते बोललेच नाहीत. त्यांना बोलायची गरजही नव्हती.

"विकण्याआधी दोन दिवस आम्ही त्यांना उपाशी ठेवतो हे खरं आहे," तो म्हणाला. आता हसत नव्हता. "सगळेच ठेवतात. भरल्या पोटी गोणीत घातले की घाण करतात, ओल धरते, निम्मे वाटेतच मरतात. पाखरांचं त्यानं काही अडत नाही. त्यांचं जेवण वेगळं, रातकिडा म्हणजे नुसता खाऊ."

"माझ्या पालीचा तो खाऊ नाही. वरणभात आहे!"

"पाल?"

झालं. अख्खा बाजार खो खो हसला. मैनावाला म्हणाला, "अगं पोरी, आमच्या घरच्या भिंतीवर दहा आहेत, फुकट घेऊन जा!" अगदी हेच माझी आई रोज म्हणते, त्यामुळे मला ते पाठ होतं. मी सोबत आणलेला क्लेपॉनचा डबा उघडून त्याच्यासमोर धरला.

त्यानं वाकून पाहिलं. क्लेपॉननं आपलाच डोळा जिभेनं पुसला, मग हळूच त्याच्या बोटावर पाऊल ठेवलं. तो पुतळ्यासारखा उभा राहिला. श्वाससुद्धा जपून घेत होता.

"फार बारीक झालीय हो..." तो इतक्या हळू म्हणाला की मला पुढचं भांडण आठवेचना. मेल्याचे डोळे असे होते की... जाऊ दे. मी तिथे भांडायला गेले होते.

"माझं नाव सेतो," तो म्हणाला. "बुधवारी मी स्वतः आणून देतो. पोटभर जेवलेले. शब्द देतो."

बुधवारी तो खरंच दुकानात आला. केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री, हातात बांबूची पेटी. "शंभर आहेत," म्हणाला आणि उगाचच लाजला. मीही उगाचच खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सरळ करत बसले.

घरी येऊन पेटी उघडली आणि किंचाळलेच! एकाही रातकिड्याला मागचे पाय नव्हते.

क्लेपॉननं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी क्लेपॉनकडे पाहिलं. कुणीच हललं नाही. तीन दिवस ती तशीच उपाशी बसून राहिली. सेहेचाळीस ग्रॅम.

"पाय कुणी उपटले?" शनिवारी मी त्याच्यासमोर पेटी आपटली.

"मीच," तो अभिमानानं म्हणाला. "दोन तास लागले. पायांचे काटे घशाला टोचतात ना! फक्त गाण्याच्या स्पर्धेतल्या पाखरांच्या मालकांना करून देतो मी असं. एरवी कुणाला नाही करत. तुम्हाला म्हणून..."

"अहो पण पाल चालत्या-उडत्या किड्यावर झडप घालते! बसलेला किडा तिच्या लेखी खडा! पाखरांपलीकडे जग आहे की नाही तुमचं?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पेटीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल."

माझी इतकी पंचाईत झाली! इतका राग आलेला, आणि कुणाच्या प्रेमानं केलेल्या कामावर तो काढायचा? मी म्हटलं, "चला. किडे वाढवता तिथे घेऊन चला मला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आता मी विश्वास ठेवणार नाही."

त्याच्या घरामागे, पत्र्याच्या छपराखाली, माणूसभर लांबीच्या प्लायवूडच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येकीचे पाय तेलाच्या डब्यांत. आत अंड्यांचे पुठ्ठे रचलेले आणि त्यांच्यामधून हजारो मिशा हलत होत्या. त्याची आई सुमिनाह, सगळ्यांची 'बू' म्हणजे आई, स्टुलावर बसून किड्यांसाठी केळीचा सोट चिरत होती. मी तिथेच सुरू केलं - नुसता कोंबडीखाद्याचा भुगा चालणार नाही, गाजर हवं, शेवग्याचा पाला हवा, फवारलेली भाजी अजिबात नको, आणि उपास बंद!

बू सुमिनाहनं सुरी खाली ठेवली. "सेतो," म्हणाली, "ही रागावते छान. चहा टाक."

त्या दिवसापासून एक पेटी क्लेपॉनची झाली. पण भरल्या पोटाचे किडे गोणीत टिकत नाहीत हे खरंच होतं. म्हणून सेतो रोज चारच्या सुमाराला, मी दुकानातून घरी आले की, बांबूच्या नळीत पंधरा रातकिडे आणि गाजराचा तुकडा घालून मोटरसायकलवरून यायचा. एक दिवस असा पाऊस कोसळला की रस्ता दिसेना. हा ओलाचिंब होऊन आमच्या दारात उभा, आणि त्याचा रेनकोट कुठे? नळीभोवती गुंडाळलेला!

"अहो, तुम्हाला ताप आला म्हणजे?"

"तुमचं औषधांचं दुकान आहे की."

"औषध फुकट मिळत नाही तिथे!"

"पण ओरडा मिळतो," तो शर्टाची बाही पिळत म्हणाला. "तेवढ्यानं उतरतो माझा ताप."

मी पाठ फिरवली. हसू आलेलं त्याला दिसायला नको होतं.

एकोणपन्नास. त्रेपन्न. सत्तावन्न. शेपटी भरू लागली. सेतोला ती ओळखू लागली. त्याचा आवाज आला की काचेला नाक लावून उभी. आई म्हणायची, "पालच बरी. तिला निदान लपवता येत नाही."

"काय लपवता येत नाही?" मी विचारायची.

"भूक," आई म्हणायची आणि आत जायची.

पण माझा स्वभाव असा की दुसऱ्यावर विसंबून राहणं मला जमत नाही. उद्या याची गाडी बंद पडली, हा आजारी पडला, तर क्लेपॉननं काय करायचं? मी म्हटलं, "मास सेतो, मला अंडी द्या. मीच वाढवते रातकिडे."

तो नळीचं बूच उघडत होता. थांबला. "तुम्ही...? कशाला? मी आणतोच आहे की."

"आयुष्यभर आणणार आहात का?"

त्यानं नळीतला गाजराचा तुकडा उगाचच फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात चमचाभर अंडी घेऊन आला. मी सांगितलेलं सगळं केलं. फडकं ओलं ठेवलं, ऊब दिली, दहा दिवस वाट पाहिली. काही नाही. "होतं असं कधीकधी," तो म्हणाला आणि दुसरी अंडी दिली. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदाही नाही! मी, गोळीचा चौथा भाग न चुकता मोजणारी, मला रातकिड्याची अंडी उबवता येऊ नयेत? एक दिवस तर रडू फुटलं मला. आणि हा बाबा समोर बसून माझी समजूत काढत होता. "हात बसायला वेळ लागतो, म्बाक. तोवर मी आहेच."

तिसरं फडकं घेऊन मी तडक बू सुमिनाहकडे गेले. तिनं चष्मा लावला, फडकं उघडलं आणि पोट धरून हसायलाच लागली.

"अगं, ही तर मेलेली अंडी! बघ की, काळी पडलीत, चपटी झालीत. ताजी अंडी तांदळाच्या कणीसारखी पिवळट टपोरी असतात. ही आम्ही टाकून देतो. कुणी दिली तुला?"

"तुमच्या मुलानं. तीनदा!"

तिचं हसू हळूहळू थांबलं. "सेतो सहा वर्षांचा असल्यापासून अंडी निवडतोय, बाळा," ती म्हणाली. "त्याची चूक होणं शक्य नाही."

अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. तो परसात पुठ्ठे झटकत होता. मी फडकं त्याच्यासमोर नाचवलं.

"मी रडले होते! तुमच्यासमोर बसून रडले होते! आणि तुम्ही मला मेलेली अंडी देत होता? जाणूनबुजून?"

"हो," तो म्हणाला.

निदान खोटं तरी बोलायचं! मी तयारीनं आले होते, आणि हा सरळ 'हो' म्हणतो!

"ती अंडी फुटली असती," तो पुठ्ठ्याकडे बघत बोलत होता, "तर मी कशाला आलो असतो तुमच्या दारात? मी पाखरांच्या बाजारातला किडेवाला. तुमच्याकडे यायला मला दुसरं निमित्त नाही. रोज ठरवायचो, आज बोलायचं. आणि तुम्ही दार उघडून नळीकडेच बघायचा... मला तुम्ही आवडता, वेनिंग. फार आवडता. पण तुम्हाला रडवलं ते चुकलंच माझं. त्याला माफी नाही."

त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. भांडायचं सोडून मी त्या फडक्याची नीट घडी घालायला लागले. मी! घडी झाली तरी पुन्हा उलगडून घालत राहिले.

तो आत गेला. टपोरी, पिवळट अंडी एका नव्या फडक्यात बांधली. क्लेपॉनची अख्खी पेटी गाडीला बांधली, महिनाभर पुरतील इतक्या, पूर्ण वाढलेल्या रातकिड्यांसकट. माझ्या अंगणात ती उतरवली, कुठलं खाणं कधी द्यायचं ते कागदावर लिहून दिलं, आणि निघून गेला.

आठव्या दिवशी अंडी फुटली. तिळाएवढी पिल्लं, मोजता येणार नाहीत इतकी. क्लेपॉन बासष्ट ग्रॅम झाली. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

आणि चार वाजता दारात कुणी येईना. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस... रोज चार वाजता माझ्या हातून काहीतरी सांडायचं. क्लेपॉन काचेला नाक लावून उभी राहायची. मी तिला रागावायचे, "काय बघतेस? पोट भरलंय ना तुझं?" बारा दिवस! याला म्हणतात प्रेम? सांगितलं एकदा आणि पळून गेला! माझं उत्तर ऐकायची तसदीसुद्धा घेतली नाही!

तेराव्या दिवशी, भर बाजारात, भर रविवारी, मी त्याच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिले. शेजारी बू सुमिनाह किडे मापून देत होती. पिंजरेवाला मला बघून आपणहून मागे सरकला.

"का येत नाही तुम्ही?" मी विचारलं.

तो गोंधळला. "तुमची अंडी... फुटली नाहीत का?"

"फुटली! शेकड्यांनी फुटली!"

"मग क्लेपॉन..."

"ठणठणीत आहे!"

"मग मी काय आणू तुमच्याकडे?" तो अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला. "आता कशासाठी येऊ?"

"काही आणू नका! रिकाम्या हातानं येता येत नाही का माणसाला? बारा दिवस मी दाराकडे बघतेय! तुम्ही आवडत नसता तर रोज चार वाजता केस कशाला विंचरले असते मी? आणि आता याल तेव्हा एकटे येऊ नका. आईला घेऊन या."

मैनावाल्याच्या हातातली शिट्टी तोंडापर्यंत गेलीच नाही. मुलगा आईला घेऊन मुलीच्या घरी कशासाठी जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सेतोला कळायला मात्र बराच वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले, मग गाल, मग तो हसला, आणि लगेच घाबरला.

"पण... आपले जन्मवार जुळतात की नाही ते आधी बघावं लागेल. आई फार मानते ते."

"जुळतात," मापातून मान वर न काढता बू सुमिनाह म्हणाली. "तिच्या आईनं आणि मी महिन्याभरापूर्वीच बघून ठेवलेत."

"महिन्याभरापूर्वी?" मी ओरडले. "आणि आम्हाला कुणी सांगायचं?"