साहेबाच्या बाजूने

चावलेली चष्म्याची काडी.

दूध-पावाची वाटी, चाटून लख्ख.

गार स्टीलचं टेबल, आणि त्यावर घडी करून अंथरलेली तिची शाल.

"उपाशीपोटी कोणाला घराबाहेर काढू नये." हे तिच्या आईचं वाक्य. आई नाही. वाक्य आहे.

काडीपासूनच सांगायला हवं.

•

तो दुकानात आला तेव्हा बाहेर भुरभुर होती आणि त्याचा चष्मा एकाच कानावर लटकत होता.

"ही काडी... कोणी चावली?" तिने काउंटरमागून विचारलं.

"पेशंटने."

"कसले डॉक्टर म्हणायचे तुम्ही?"

"ज्यांना बोलता येत नाही, त्यांचा."

"बरंय की. उलट उत्तर नाही."

"देतात ना. हे बघा —" त्याने दातांच्या खुणा पुढे केल्या.

ती हसली. नवी काडी बसवून तिने चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, कानांमागे दाबून पाहिला. चष्मेवालीचं रोजचं काम. फक्त त्या दिवशी बोटं तिथून जरा उशिरा निघाली.

"नीट दिसतंय?"

"आत्ता कुठे दिसायला लागलंय," तो म्हणाला. भिंतीवरच्या अक्षरांकडे तो मुळीच बघत नव्हता.

•

मग त्याच्या चष्म्याचा स्क्रू इतक्यांदा ढिला झाला की तिचे बाबा म्हणाले, "हा माणूस चष्मा लावतो की त्याने नारळ फोडतो?"

बाबांच्या पायाशी साहेब झोपलेला असे. साहेब म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा. आई गेल्यापासून बाबांचं निम्मं बोलणं त्याच्याशीच.

साहेबाच्या पोटाखालची गाठ डॉक्टरनेच शोधली, कान खाजवता खाजवता.

"साधं ऑपरेशन आहे. आदल्या रात्रीपासून खायला काही द्यायचं नाही, एवढं सांभाळा."

"आणि बरा झाला की?"

"मग तुमच्याकडे... एक मागणं आहे."

"फी सोडून?"

"फी घेणारच. मागणं वेगळं."

बाबा पेपरामागे खोकले. साहेबाने एक डोळा उघडला आणि मिटला.

•

साहेब टेबलावरून उठला नाही.

"भूल दिल्यावर उलटी झाली," डॉक्टरचा आवाज फाटला होता. "पोटातलं श्वासनळीत गेलं..."

"पोटात काही नव्हतंच. रात्रीपासून उपाशी होता तो."

"अन्न होतं."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

आपली चूक हा माणूस एका मुक्या जिवाच्या पोटात लपवतोय, असं तिला वाटलं. साहेब गेला, हे तिने एक वेळ सोसलं असतं. हे सोसवेना. तिने पशुवैद्यकांच्या मंडळाकडे तक्रार केली.

त्या दिवसापासून बाबांच्या घशाखाली घास उतरेना. तिला वाटलं, दुःख आहे.

•

चौकशीची खोली. लांब टेबल, तीन वयस्कर डॉक्टर, कुरकुरणारा पंखा. अध्यक्ष बोलायला लागणार, तोच बाबा उठले.

"मी दिलं होतं," ते म्हणाले. "सकाळी. ही अंघोळीला गेली तेव्हा. दाराशी उभा होता, शेपूट हलवत... उपाशीपोटी कसा पाठवू?"

तिने बाबांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"चला, डॉक्टर," अध्यक्षांनी निःश्वास सोडला. "सूचना तुम्ही दिलीच होती. प्रश्न मिटला."

"नाही मिटला, सर. सांगणं हे निम्मं काम. भूल देण्याआधी पुन्हा विचारायचं असतं. माणसं विसरतात, माणसांना दया येते... म्हणूनच विचारायचं. मी रोज विचारतो. त्या दिवशी विचारलं नाही."

"का?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिच्याकडे पाहिलं नाही. पंखा कुरकुरत राहिला.

तिला कळलं. असं कळावं, अशी तिची मुळीच इच्छा नव्हती.

•

तिने त्याला जिन्यात गाठलं.

"मी तक्रार मागे घेते."

"नका घेऊ."

"अहो, पण बाबांनीच तर —"

"बाबांनी माया केली. मी लक्ष द्यायचे पैसे घेतले होते." तो कठड्याला टेकला. "साहेबाला तक्रार करता येत नाही. तुम्हीही गप्प बसलात, तर त्याच्या बाजूने कोण?"

"आणि ते... मागणं?"

"आता कुठल्या तोंडाने मागू?"

"मी ऐकून घेतलं असतं."

"आणि मग? तुम्ही हसाल, आणि मला ते टेबल आठवेल. तुम्हालाही."

'नाही' म्हणायला तिने तोंड उघडलं. 'नाही' निघालंच नाही.

त्याचा चष्मा पुन्हा वाकडा झाला होता. तिने दोन्ही हातांनी सरळ केला, कानांमागे दाबला. बोटं या वेळीही उशिराच निघाली.

"नीट दिसतंय?"

"दिसतंय," तो म्हणाला. "तेच तर."

•

तक्रार तिने मागे घेतली नाही. मंडळाने काही महिने त्याचं काम थांबवलं. पुढे त्याने दुसऱ्या गावात दवाखाना काढला. चष्मा तिथेच कोणीतरी नीट करून देत असेल.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, दवाखान्याच्या दारात, त्याने तिला विचारलं होतं, "तुम्ही काही खाऊन आलात का?"