जनीचा नमुना

त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेत गेले ती फक्त सूक्ष्मदर्शकावर कापड टाकायला. ट्यूटरबाई म्हणाल्या होत्या, "खारी हवा लागली की भिंगाला बुरशी धरते, कमळ. आजपासून ते काम तुझं." परीक्षेत पहिली आलेल्या मुलीचा तो मान होता. किल्ली हातात घेताना मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का, ते सांगते.

१९५८ साल. अलिबागच्या खाली समुद्रकाठी एक लहानसं धर्मादाय इस्पितळ, आणि त्याला जोडून आम्हा बारा मुलींचा परिचारिकांचा वर्ग. दुसऱ्या वर्षी जंतू आणि कृमींचा विषय आला. मी माणगावच्या शाळामास्तरांची मुलगी, पुस्तक तोंडपाठ. कुठला कृमी अंगात कसा शिरतो, किती अंडी घालतो, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मला दिसायचा नुसता धुरकट गोल, आणि त्यात माझ्याच पापण्या.

जनीला सगळं दिसायचं.

जनी उरणकडची. पावसाळ्यात भातशेती, उन्हाळ्यात मिठागर, असं तिचं घर. अक्षर वेडंवाकडं, कृमींची लांबलचक नावं तिच्या जिभेवर बसत नसत. पण सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा उजेडाकडे वळवून ती वाकली की लगेच म्हणायची, "ह्यो बग, हालतोय. दिसला का गो?" मला दिसायचा नाही. मी "हो" म्हणायचे. बाई तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या. तो हात माझ्या खांद्यावर कधी पडला नाही. अंथरुणात डोळे मिटले तरी मला तो हात दिसायचा, तिच्या खांद्यावरचा. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला पाठवायचं ठरलं होतं, आणि ती जनीच असणार हे स्वयंपाकिणीलाही ठाऊक होतं. जनी माझ्याशी मायेनं वागायची. घरून आलेली सुकी मासळी आधी माझ्या ताटात वाढायची. त्यामुळं तर ती मला जास्तच सलायची.

परीक्षेआधी आठ दिवस बाईंनी सरावासाठी जोड्या लावल्या. एकीनं दुसरीचा शौचाचा नमुना तपासायचा. जनीचा माझ्याकडे आला. त्या दिवसांत ती फार थकायची. जिना चढली की छातीवर हात धरून उभी राहायची, ओठ पांढरेफटक.

मी काचपट्टी ठेवली, आरसा वळवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला लख्ख दिसलं. अंकुशकृमीची अंडी. लांबट, पातळ पारदर्शक कवचाची, आत चार-चार पेशी. एक-दोन नव्हेत, जिकडे बघावं तिकडे. चिखलात अनवाणी राबणाऱ्याच्या पायातून हा कृमी शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पीत राहतो. वेळेत औषध मिळालं की माणूस उठून बसतो.

म्हणजे जनी उठून बसणार होती. परीक्षेच्या आत.

"काय निंगाला?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले, आणि नोंदवहीत तसंच लिहिलं.

परीक्षेत ती सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि तशीच खाली कोसळली. बाईंनी नोंदवही पाहिली. पोटात काही सापडलेलं नाही, तेव्हा अभ्यासाचा शीण असेल म्हणून तिला विश्रांतीसाठी घरी पाठवलं. मी पहिली आले.

तेविसाव्या दिवशी तिचा भाऊ बुधाजी तिची पेटी न्यायला आला.

"लय सुजली व्हती," पेटीला दोरी बांधता बांधता तो म्हणाला. "पाय, तोंड... डाक्तरकडं नेतो बोललो, तं ती बोलली, कमलनी तपासलाय, काय नाय निंगाला. मंग आमी अंगारा लावला." त्यानं वर पाहिलं. "तुमीच ना कमल? शेवटपरत तुमचा नाव घेत व्हती."

त्याच संध्याकाळची ही गोष्ट.

दिवस बुडाला होता. बाहेर सुरूच्या झाडांतून वारा घुमत होता. मी दार उघडलं. जंतुनाशक कार्बोलिकचा नेहमीचा वास आला, आणि त्याच्या मागून दुसरा... मिठागरातल्या काळ्या गाळाचा, ओला, खारट.

कापड उचलून मी टेबलाशी गेले आणि थबकले. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून उजेड वर येत होता. खोलीत अंधार. आरशाचं तोंड भिंतीकडे. तरी नळीतून दुधासारखा उजेड वर येऊन छतावर त्याचा एक गोल पडला होता.

मी वाकले. का वाकले, कोण जाणे.

तीच अंडी. फक्त आता आतल्या पेशी हलत होत्या. चाराच्या आठ, आठाच्या सोळा... मी काचपट्टी काढायला बोट घातलं. बोटाला नुसतं गार लोखंड लागलं. खाली काहीच ठेवलेलं नव्हतं.

माझ्या मानेपाशी कुणीतरी श्वास घेत होतं. तुटक, धाप लागल्यासारखा.

"दिसला का गो...?"

"दिसलं," मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

"मंग... लिव."

मी नोंदवही ओढली. अंधारातच जनीचं नाव लिहिलं, पुढं खरा निकाल लिहिला, आणि त्याखाली, त्या दिवशी मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, असंही लिहिलं. उजेड विझला. वास मात्र गेला नाही.

सकाळी वही घेऊन मी बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मी मान खाली घालून उभी होते. आता हाकलून देतील, असंच वाटत होतं. मग त्यांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं.

"आणि हे?"

तिथं माझं नाव होतं. वेड्यावाकड्या अक्षरांत, शाई अजून ओली. तारीख आजची. निकालाच्या जागी एकच शब्द: "हाय." काय आहे, ते लिहिलेलं नव्हतं.

"तू नमुना कधी दिलास?"

"नाही दिला, बाई... कधीच नाही."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. त्यांची नजर माझ्या एका डोळ्यावर खिळली, आणि तिथल्या कशाच्या तरी मागं सावकाश सरकली. हळूच त्यांनी खुर्ची मागं सरकवली आणि रुमाल तोंडाला लावला.

"कमळ," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "खिडकीपाशी उभी राहा... उजेडात. आणि डोळा हलवू नकोस."