डावी कमान

"आधी मागं वळून 'उतरा, घर आलं' असं म्हणायचं आणि मगच कमानी खोलायच्या," कुशाबा म्हणाला होता, आणि कौसल्या हसली होती. तोंडाला पदर लावून, पण हसली होतीच.

भायखळ्याच्या त्या तबेल्यात लिदीचा आणि ओल्या गवताचा वास कोंडला होता. कुशाबानं सारा जन्म व्हिक्टोरिया हाकली. आता त्याची गाडी चाकांवाचून भिंतीशी पडली होती, आणि कौसल्येचा नवरा रामदास गाडीच्या मागच्या दोन कमानींवरून हात फिरवत होता. पोलादाचे पाटे एकावर एक बसवलेले. दाबलं की कमान दबायची, सोडलं की आवाज न करता वर यायची. असं पोलाद हल्ली बघायला मिळत नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

"गाडी मोडायची झाली की शेवटच्या सवारीला उतरवावं लागतं," कुशाबा म्हणाला. "आमच्यात रीत आहे. तिच्या दारात गाडी न्यायची आणि सांगायचं. माझ्या हातून ते राह्यलं. तुम्ही सांगा."

"पण शेवटची सवारी राहायची कुठं, मामा?" कौसल्येनं विचारलं. इंटर सायन्सपर्यंत शिकलेली ती. आवाजात थट्टा आलीच.

कुशाबानं शेजारी बांधलेल्या घोड्याची मान थोपटली. "चढलेली आठवते, पोरी. उतरलेली आठवत नाही."

कमानी हातगाडीवर घालून लालबागला आल्या. कोणी कोणाला उतरा म्हटलं नाही.

या कमानींवर नवी गाडी बनवायची होती ती लेकीसाठी, बकुळासाठी. पाच वर्षांच्या या मुलीच्या डाव्या पायात पोलिओ झाल्यापासून ताकद नव्हती. रामदासच्या गावी, राजापुराकडे, एसटी सोडली की घरापर्यंत नुसता कातळ. बैलगाडी त्यावर पोरीला खिळखिळी करून टाकायची. मागल्या वर्षी रामदासनं तिला खांद्यावरून नेलं, तर वाटेत त्याचाच पाय घसरला. लेक पडली नाही, पण तेव्हापासून झोपेतसुद्धा कौसल्येचा हात पोरीच्या अंगावर असायचा. मे महिन्यात पुन्हा जायचं होतं. जाईबाई, म्हणजे सासूबाई, नातीची वाट बघत होत्या.

रामदास गिरणीच्या वर्कशॉपात फिटर. पाण्याच्या पंपाचं एक जुनं पेट्रोल इंजिन त्यानं मिळवलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडला, पुढं दोन चाकं, मागं दोन. सुटे भाग करून बोटीतून नेता येईल अशी बुटकी गाडी. चाळीच्या जिन्याखाली तिची मांडणी सुरू झाली तशी येणाराजाणारा थांबून टोमणा मारायचा.

"काय रे रामदास, दिल्लीला धडक मारायची का हिच्यातनं?" शेजारची मालन पोटावर हात ठेवून विचारायची. तिला सातवा महिना होता.

"दिल्लीनं आपलं ऐकलं आता, वयनी. कातळानं ऐकायचं बाकी आहे."

ते खरंच होतं. समोरच्या भिंतीवरची 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही अक्षरं उन्हापावसानं फिकी झाली होती, पण कोणी ती पुन्हा रंगवत नव्हतं. एक मे ठरली होती. सगळं लालबाग श्वास सोडून बसल्यासारखं झालं होतं.

रामदासचं घोडं अडलं ते मागच्या चाकांशी. इंजिनाची ताकद छोट्या दातेरी चाकावरून चेननं मागच्या चाकांच्या आसाला जायची. पण आस कमानींवर खालीवर व्हायला लागला की चेन एकदा ताणायची, एकदा लोंबायची, आणि उतरून पडायची. दोन रविवार गेले. मग कौसल्येनं जमिनीवर खडूनं एक वर्तुळ काढलं.

"अहो, आस ज्या दांड्यांवर हलतो, ते दांडे या छोट्या चाकाच्याच मध्यावर फिरू देत. मग आस वर जावो की खाली, अंतर तेवढंच राहणार."

रामदास खडूच्या रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कॉलेजात हे शिकवतात, आणि वर तुला पोळ्या लाटायला सांगतो आम्ही."

चेन त्यानंतर उतरली नाही. त्या दिवशी त्यानं मालनच्या हातून सगळ्या मजल्याला भजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या नळावर जाताना जिन्याखाली थांबली. गाडी डावीकडे कलली होती. मागची डावी कमान अंगठाभर दबलेली.

रामदासनं ओळंबा लावला. सांगाडा सरळ होता. कमानीतच दोष म्हणून त्यानं डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली.

गाडी डावीकडेच कलली.

"जमीन उतरती असेल," तो म्हणाला. कौसल्येनं परातीत पाणी घेऊन जमिनीवर ठेवलं. पाणी काठाशी सारखं उभं राहिलं.

गिरणगावात चिमणीची काजळी सगळ्यावर बसते. कपड्यांवर, मिठाच्या झाकणावर, झोपलेल्या पोराच्या भुवयांवर. गाडीच्या लाकडी बैठकीवरही रोज बसायची. कौसल्या फडक्यानं पुसायला गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बैठकीच्या डाव्या टोकाला काजळी नव्हती. परडीएवढी जागा लख्ख होती.

तिनं उरलेली बैठक पुसून टाकली, म्हणजे फरक दिसायला नको.

मग बकुळाला प्रथम बसवलं. उजवी बाजू तिच्या वजनानं दबली, ते बरोबरच होतं. थोड्या वेळानं डावी बाजू आणखी दबली. सावकाश, जाणतं माणूस दांड्याला धरून चढतं तशी. बकुळा काही न बोलता उजवीकडे सरकून बसली.

"सरकलीस का गं?"

"जागा दिली," बकुळा म्हणाली आणि चाकाचे आरे मोजू लागली.

कौसल्येला कुशाबाचं बोलणं आठवलं. तिनं ते पुन्हा मनातून काढून टाकलं. दुपारची झोप नाही, रात्रीची नाही. असं डोकं काय वाट्टेल ते बघतं.

एप्रिलातल्या एका रविवारी सगळी चाळ सभेला गेली. गिरणीच्या मागचं राखेचं मैदान मोकळं होतं. बॉयलरची राख आणि जळक्या कोळशाचे खडे वर्षानुवर्षं टाकून तिथं टेकाडं झाली होती. कातळासारखीच खडबडीत जमीन. टेकाडांच्या पायथ्याशी गिरणीचा तलाव. इंजिनांचं ऊन पाणी त्यात सोडायचे, म्हणून भर दुपारीही त्यावर वाफ दिसायची. तलावाचा कठडा एका बाजूला पडलेला होता.

"कठड्याच्या बाजूला न्यायची नाही," कौसल्येनं बजावलं.

गाडी अशी चालली की रामदास लहान मुलासारखा ओरडला. खड्ड्यांवरून कमानी वरखाली होत होत्या, चेन ताठ होती, बकुळा हसत होती. डावी बाजू दबलेलीच होती. तिकडे दोघांनीही बघितलं नाही.

टेकाडावर त्यानं गाडी थांबवली. थांबवायची युक्ती त्यानं गिरणीतूनच उचलली होती. इंजिनापासून त्या छोट्या दातेरी चाकाकडे जाणारा पट्टा दांडीनं सरकवून सुट्या पुलीवर आणायचा. ती नुसती फिरते, चाकांना काही कळत नाही. सगळे माग असेच थांबतात. रामदासनं पट्टा सुट्या पुलीवर आणला, इंजिन चालूच ठेवलं, आणि खाली पडलेला एक नट शोधायला मागं गेला.

पण गिरणीत जमीन हलत नाही. माग जागच्या जागी उभा असतो. इथं सांगाडा राखेवर थरथरत होता, आणि त्या थरथरीनं पट्टा हळूहळू चाकं फिरवणाऱ्या घट्ट पुलीकडे सरकत होता.

कौसल्येनं ते पाहिलं. तिनं हाक मारली, तोवर गाडी चालू लागली होती.

बकुळा एकटी. समोर उतार, पडका कठडा, वाफ.

कौसल्या धावली. राखेत पाय रुतत होते. रामदास तिच्या मागं होता की पुढं, तिला कळत नव्हतं.

गाडीनं वेग घेतला.

आणि डावी कमान दबली. पूर्ण. पाटे सांगाड्याला टेकेपर्यंत. चार माणसांनी मिळून बसावं तशी. डावं चाक सांगाड्याला घासलं, चाकाच्या लाकडाचा जळका वास आला, गाडी त्या चाकाभोवती गर्रकन वळली, आणि चेन तुटून ती उभी राहिली.

कठडा हातभर पुढं होता.

बकुळा उजवीकडे बसलेली. तिचा डावा हात हवेत आडवा होता, कोणाचा तरी हात धरावा तसा.

कौसल्येनं तिला उचललं. पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. रामदास गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडायला लागला.

"आई," बकुळा तिच्या कानाशी म्हणाली, "तिला पण उतरव ना."

दोघांनी गाडी ढकलत चाळीपर्यंत आणली. दोघांना जड गेली. जिन्यापाशी येताच कौसल्या थांबली. तिला कसली भीती राहिली नव्हती. छाती इतकी हलकी झाली होती की काहीही बोलायची लाज वाटेना. तिनं पदर सावरला, रिकाम्या बैठकीला हात जोडले.

"फार उपकार झाले. उतरा आता. घर आलं."

डावी कमान सावकाश वर आली. आवाज न करता. गाडी सरळ उभी राहिली.

"पाटे बसले जागेवर," रामदास घसा साफ करत म्हणाला.

"हो," कौसल्या म्हणाली.

त्या संध्याकाळी चाळीत सभेहून परतलेल्यांचा गोंगाट होता, कोणी पेढे वाटत होतं. बकुळा लोखंडी खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कौसल्या दिवा लावायला उठली, आणि तिचं लक्ष खाटेच्या डाव्या कोपऱ्याकडे गेलं. तिथली जाळी खोलगट झाली होती. उशाशी बसून कोणी पोरीला थोपटावं, तेवढीच.

पुढच्या आठवड्यात ती कुशाबाला सांगायला गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कुणाच्या दारात म्हणालीस, पोरी?"

आपल्याच, असं तिनं सांगितलं. त्यानं गवत सोडवून घोड्यापुढं टाकलं. मग म्हणाला, "आता तेच तिचं घर."

कौसल्येला त्याचं वाईट वाटलं नाही. नळावर जायचं असलं तर ती आता बकुळाला एकटी ठेवून जाई. झोपेतला तिचा हात सुटला. इतकी निवांत झोप तिला बाळंतपणानंतर मिळालीच नव्हती.

मे महिन्यात गाडी बोटीनं गेली. कातळावर ती अशी चालते, की जाईबाईंनासुद्धा रोज फेरी हवी असते. बैठकीवर सगळीकडे सारखी धूळ बसते. बकुळा ऐसपैस मधोमध बसते.

लालबागच्या खोलीची किल्ली कौसल्येनं मालनकडे दिलीय. मालनचं बाळंतपण झालं. तिच्या खोलीत दीरजावांची गर्दी, म्हणून ती तान्ह्याला घेऊन त्याच खाटेवर झोपते. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ओली बाळंतीण, उगाच घाबरायची.

म्हणून कौसल्येचं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कोणी करी रोडकडून लालबागला जाणार असाल, तर दोन मिनिटं वर चढून मालनला बघून या. बोलता बोलता खाटेकडे नजर टाका. डावा कोपरा दबलेला असला तर काही म्हणू नका. तिकडे न बसता चहा घ्या आणि निघा. सगळं ठीक आहे.

कोपरा सपाट असला, तर ती तिथून उठलीय; चहाला थांबू नका. आधी बाळ कुठं आहे ते बघा.