वाकलेला उजेड

पहिल्यांदा तो आमच्या दुकानात आला तो वीज मागायला. खांद्यावर वायरचं भेंडोळं, केसांत सिमेंटची धूळ, आणि आव असा की जणू शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागतोय.

"चौकातल्या शिल्पाला अजून कनेक्शन नाही. तासभर तुमच्याकडून घेऊ?"

"आणि आमचा फ्यूज उडाला तर?"

"तर दुरुस्त करायला येईन. रोज उडाला तर रोज येईन."

आगाऊच आहे, असं मनात म्हणत मी त्याला प्लग दाखवला.

आमचं दुकान पितळी पाट्यांचं, मागेच घर. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून कोरते मीच. पितळेवर कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाने मजकूर मोठ्याने वाचून 'हो' म्हटल्याशिवाय छिन्नी उचलायची नाही, हा बाबांचा नियम. त्या वायरवाल्याचाही एक नियम होता. खांबावर चढलेल्याने 'हात काढला' असं ओरडून सांगितल्याशिवाय खालच्याने बटण दाबायचं नाही.

"म्हणजे आपण दोघंही समोरचा बोलायची वाट बघणारे," तो म्हणाला, आणि आम्ही खूप हसलो. फ्यूज एकदाही उडाला नाही, तो मात्र रोज येत राहिला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही.

शिल्प त्याच्या मावशीने घडवलेलं. दिव्यांचा उंच खांब, निम्म्यावर रस्त्याकडे वाकलेला. लोक म्हणत, ट्रकने ठोकलाय. बाबा म्हणत, माझ्यासारखाच कंबरेत गेलाय. एका दुपारी तो पाटीचा मजकूर घेऊन आला आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचू लागला, "कुणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसांसाठी…"

"वाट पाहण्याचं एवढं काय कौतुक? ज्याला यायचं तो येतोच."

"आणि ज्याला कुणी थांब म्हणत नाही — तो?"

त्याची नजर माझ्यावरून हलेना. मी पाटीवर नसलेली धूळ पुसत बसले.

उद्घाटन जवळ आलं तसा तो गप्प गप्प राहायला लागला. "मावशीला दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालंय. तीन वर्षांचं. इथे देखभालीला माणूस हवाय, मला विचारलंय. कुणाला गरज असेल तर राहीन."

"गरज… शिल्पाला?"

"शिल्पालाही."

एक शब्द बोलायचा होता. पण त्याने आधी स्पष्ट म्हणावं, मग मी हो म्हणेन, असा हट्ट धरून मी बसले होते. म्हणाले, "तुझं तू ठरव."

उद्घाटनाच्या संध्याकाळी दिवे लागले. इतका मऊ उजेड, की भांडकुदळ पानवालासुद्धा हळू बोलायला लागला. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याची बाही माझ्या हाताला लागत होती.

"बोल ना काहीतरी."

"छान झालंय," मी म्हणाले.

सकाळी तो सामानाच्या ट्रकमधून निघून गेला. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्याला थांब म्हणालीस का?"

"तो विचारेल असं वाटलं."

"अगं, मग तो इतके दिवस काय आपली वायरिंग बघायला येत होता?"

मला रडू आवरेना. बाबा पाठीवर थरथरता हात फिरवत राहिले, पण तेवढ्याने काही होणार नव्हतं. आठवडाभर धीर गोळा करून मी त्याला फोन लावला, आणि तो 'हॅलो' म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. "मला तू हवा आहेस. थांब म्हणायला हवं होतं. आता म्हणते."

पलीकडून हातोड्यांचे आवाज येत होते. मग ते दूर गेले. तो बाजूला गेला असावा.

"मी इथल्या कामाला शब्द दिलाय," तो म्हणाला. "तिथली जागाही भरली."

"तीन वर्षांचंच तर काम आहे. मी वाट पाहीन."

"नको."

"का? रागावलास?"

"नाही गं. त्या संध्याकाळी लोक गेल्यावरही मी चौकातच होतो. तुमच्या दुकानाचं दार दिसत होतं. उजाडेपर्यंत पाहिली मी वाट. फार वाईट असतं ते. तू नको पाहूस."

त्याने फोन ठेवला. मी तो कानाशी तसाच धरून बसले.